डॉ. भाऊ दाजी लाड आणि मुंबईचे वस्तुसंग्रहालय

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत तुम्ही लहानपणी गेला असाल, तर तुम्हांला तेथील हत्ती, माकडे आणि पाणघोडा आठवत असेल. त्याच आवाराच्या तोंडाशी एक उंच, दुमजली, भारदस्त इमारत उभी आहे. ती मात्र सर्वांनाच आठवते असे नाही. प्राणी पाहून झाले, मुले थकली, म्हणून चार घटका सावलीसाठी त्या इमारतीत शिरलेली कुटुंबे मुंबईत असंख्य असतील. आत शिरल्यावर मात्र पाय थबकतो. मातीच्या लहान लहान मूर्ती, जहाजांचे नमुने, शहराचे जुने नकाशे, चांदीची आणि तांब्यापितळेची भांडी, हस्तिदंती काम, मातकामाच्या चकचकीत सुरया, असा सारा संसार तेथे मांडलेला आहे. या वास्तूचे आजचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १९७५ पूर्वी तिचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम असे होते. राणीचे आणि तिच्या पतीचे नाव जाऊन तेथे एका डॉक्टरचे नाव आले. हा डॉक्टर कोण होता, आणि शहराच्या संग्रहालयाला त्याचे नाव कोणत्या हक्काने लागले, हे या घटकात आपल्याला पाहायचे आहे.

एकोणिसाव्या शतकातील थोर पुरुषांची चरित्रे वाचताना आपण बहुधा त्यांच्या मतांकडे पाहतो: ते विधवाविवाहाच्या बाजूचे होते की विरोधी, सनातनी होते की सुधारक. येथे आपण थोडी वेगळी वाट धरू. एका माणसाचे आयुष्य आणि एका इमारतीचे आयुष्य ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचू.

मांद्रे ते मुंबई

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. भाऊ हे त्यांचे स्वतःचे रूढ नाव आणि दाजी हे वडिलांचे. त्या काळच्या मुंबईत माणूस आडनावाने क्वचितच ओळखला जाई. स्वतःच्या नावाला वडिलांचे नाव जोडले की ओळख पुरी होत असे. म्हणून थोरले बंधू भाऊ दाजी आणि धाकटे नारायण दाजी. गोव्यातील पेडणे महालात मांद्रे नावाचे गाव आहे, तेथे एका सारस्वत कुटुंबात भाऊंचा जन्म झाला. जन्मवर्ष काही चरित्रलेखक १८२२ देतात, तर काही १८२४. घरची स्थिती बेताची होती. पोटासाठी वडिलांनी मुंबई गाठली. ते मातीच्या बाहुल्या करून विकत, असे सांगतात. ही माहिती मनाच्या एका कोपऱ्यात असू द्या.

मुलगा बुद्धिबळात विलक्षण तरबेज होता. त्याचा खेळ पाहून मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना दिला, अशी कथा प्रसिद्ध आहे. थोरांच्या चरित्रात अशी एखादी भाग्योदयाची कथा हमखास भेटते, आणि वाचकालाही ती आवडते. तुम्ही मात्र ती वाचताना एक प्रश्न विचारावा: सल्ला मिळाला, पण शाळा होती का? मुंबईत ती होती, हे महत्त्वाचे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही संस्था नसती, तर पेडण्याहून आलेल्या गरीब घरच्या मुलाची हुशारी पटावरच संपली असती. भाऊ तेथे शिकले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. रसायन आणि सृष्टिविज्ञान हे विषय ते शिकवत. याच काळात काठेवाड आणि कच्छमधील स्त्रीभ्रूणांच्या नव्हे, तर जन्मलेल्या मुलींच्या हत्येच्या चालीवर त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला पारितोषिक मिळाले. केवळ चालीचा निषेध करून न थांबता तिची कारणे शोधण्याकडे त्यांचा कल होता, आणि हा कल पुढे आयुष्यभर टिकला.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. हातातली नोकरी सोडून भाऊ दाजी पुन्हा विद्यार्थी झाले. मृतदेहाचे विच्छेदन करावे लागणारे हे शिक्षण उच्चवर्णीय हिंदू मुलाने घेणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. १८५१ मध्ये या महाविद्यालयातून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात ते होते. त्यानंतर त्यांनी आणि नारायण दाजींनी मिळून धर्मार्थ दवाखाना चालवला. श्रीमंतांकडून उत्तम फी घ्यायची आणि गरिबांना फुकट औषध द्यायचे, ही त्यांची रीत. शहरात त्यांचे नाव झाले ते याच कारणाने.

दवाखान्याबाहेरचे भाऊ दाजी

पुढच्या वीस-बावीस वर्षांत मुंबईत जे जे नवे उभे राहिले, त्यांतील बहुतेक ठिकाणी भाऊ दाजींचे नाव आढळते. १८५२ मध्ये बाँबे असोसिएशन निघाली, तिचे ते एक चिटणीस. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या आरंभीच्या फेलोंत ते होते. विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्रविषयक सभेने चालवलेल्या मुलींच्या शाळांना त्यांनी आधार दिला, आणि पुढे त्या सभेचे अध्यक्षपदही भूषवले. विष्णुदास भावे आपली नाटकमंडळी घेऊन मुंबईत आले तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांत ते होते. मराठी रंगभूमीचा अभ्यास करताना हे नाव तुम्हांला पुन्हा भेटेल. छायाचित्रणाची कला मुंबईत नवी होती, तेव्हा १८५४ मध्ये निघालेल्या छायाचित्रकारांच्या मंडळातही हे दोघे बंधू सामील झाले. त्यांत नारायण दाजी तर कसलेले छायाचित्रकार होते.

इतकी कामे एकाच माणसाने केली, असे वाचले की मन थोडे साशंक होते. चरित्रलेखक कधीकधी नायकाच्या पदरात सारे शहर टाकतो. पण भाऊ दाजींच्या बाबतीत एक धागा सापडतो, तो त्यांच्या संशोधनात. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांनी कालिदास, आर्यभट, वराहमिहिर यांच्या काळांविषयी, अजिंठ्याच्या शिलालेखांविषयी आणि गिरनारच्या खडकावरील रुद्रदामनाच्या लेखाविषयी निबंध लिहिले. कालिदास म्हणजे काश्मीरच्या इतिहासात येणारा मातृगुप्त, असे त्यांनी मांडले. हे मत आज कोणी मानत नाही. तरीही त्या निबंधाची वाट पाहण्याजोगी आहे. कालिदासाविषयी आख्यायिका सांगत बसण्याऐवजी ते ग्रंथ, राजवंश आणि सनावळी यांची सांगड घालू पाहत होते. पुरावा हातात घेऊन बोलायचे, हा त्यांचा नियम. शिलालेख वाचायचा तर तो स्वतः जाऊन पाहायचा, त्याचा ठसा घ्यायचा, पूर्वीच्या विद्वानांचे वाचन अक्षराक्षराशी ताडून पाहायचे.

स्वतःला वैद्यकीमुळे मुंबई सोडता येत नसे, तेव्हा त्यांनी जाणकार माणसे पाठवली. जुनागढचे तरुण भगवानलाल इंद्रजी १८६१ पासून त्यांच्यासाठी काम करू लागले. लेणी, डोंगर, पडकी देवळे पालथी घालून भगवानलालांनी लेखांच्या नकला आणि नाणी आणली. भगवानलाल पुढे स्वतःच मोठे पुरातत्त्वज्ञ म्हणून मान्यता पावले. दगड, नाणे, पोथी, झाड, खनिज, हस्तकौशल्याचा नमुना या साऱ्या वस्तू नीट पाहिल्या तर बोलतात, हा विश्वास ज्या माणसाच्या हाडीमांसी खिळलेला आहे, त्याला संग्रहालयाची कल्पना का मोहात पाडील, हे तुम्ही आता ओळखू शकाल.

संग्रहालय कोणाचे?

१८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे प्रचंड प्रदर्शन भरले. हिंदुस्थानातील कापड, जरीकाम, दागिने आणि लाकडी काम पाहून तेथील लोक थक्क झाले. पाठोपाठ १८५५ मध्ये पॅरिसला असेच प्रदर्शन झाले. त्यांसाठी मुंबई इलाख्यातून नमुने गोळा करावे लागले, आणि एकदा गोळा केलेल्या वस्तूंचा एक संच इथेही राहावा, या विचारातून मुंबईच्या कोटात टाउन बॅरॅक्समध्ये सरकारी संग्रहालय सुरू झाले. त्याचा हेतू सरळ होता. या देशात कोणता कच्चा माल मिळतो, कोणती धान्ये, तेले, रंग, धागे आणि लाकडे आहेत, कारागीर काय घडवतात, हे व्यापाऱ्यांना आणि राज्यकर्त्यांना एका छताखाली दिसावे. दुकानाच्या मांडणीत आणि या मांडणीत फरक थोडा होता.

१८५७ चा उठाव झाला आणि सैन्यासाठी बॅरॅक्सची जागा तातडीने हवी झाली. संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला. बऱ्याच वस्तू मोडल्या, हरवल्या. जॉर्ज बर्डवुड हे तरुण डॉक्टर पुढे संग्रहालयाचे अभिरक्षक झाले, आणि उरलेला संग्रह टाउन हॉलमध्ये हलवला गेला. वनस्पतींचे आणि हस्तकलांचे बर्डवुड यांना वेड होते. भाऊ दाजींशी त्यांचे सूत जमले. सुगंधी धूप देणाऱ्या, आपल्या साळईच्या जातकुळीतील एका झाडाला बर्डवुड यांनी पुढे शास्त्रीय नाव दिले, त्यात भाऊ दाजींचे नाव गोवले. वनस्पतिशास्त्रात आज ते नाव स्वतंत्र जात म्हणून चालत नाही. तरी दोन डॉक्टरांच्या स्नेहाची ती एक खूण उरली आहे.

१८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले आणि राणीचा जाहीरनामा निघाला. वर्षअखेरीस मुंबईत नागरिकांची सभा भरली आणि राणीच्या नावाने संग्रहालय व बाग उभारावी असे ठरले. नाना शंकरशेट समितीचे प्रमुख, तर बर्डवुड आणि भाऊ दाजी चिटणीस. सर जमशेटजी जीजीभाई, डेव्हिड ससून यांच्यासारख्या धनिकांचा आधार मिळाला. हिंदू, पारशी, ज्यू, इंग्रज असे निरनिराळ्या समाजांतील लोक एका कामासाठी एकत्र आले.

येथे थोडे थांबा आणि विचार करा. ज्या वर्षी देशातील उठाव चिरडला गेला, त्याच वर्षी मुंबईचे पुढारी राणीच्या नावाने वर्गणी गोळा करतात. आजच्या वाचकाला हे खटकणे स्वाभाविक आहे. भाऊ दाजींना एकनिष्ठ प्रजाजन म्हणून मोकळे होता येईल, किंवा चतुराईने राणीचे नाव वापरून लोकांचे काम साधणारा मुत्सद्दी म्हणूनही. माझ्या मते दोन्ही निवाडे घाईचे ठरतील. ब्रिटिश राज्य हे त्या पिढीला सुव्यवस्था आणि विद्या आणणारे राज्य वाटत होते, हे खरेच. पण त्याच भाऊ दाजींनी बाँबे असोसिएशनच्या द्वारे कंपनीच्या कारभारातील दोष थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडण्यात भाग घेतला होता. निष्ठा आणि तक्रार ही दोन्ही त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी असत. संग्रहालयाबाबत एवढे निश्चित म्हणता येते की बॅरॅक्समधील संग्रह सरकारचा होता, सरकारची गरज बदलताच तो बाहेर फेकला गेला. आणि आता उभारायची वास्तू वर्गणीची होती. वर्गणी दिली की माणूस मालकासारखा विचारपूस करतो. शहरातल्या लोकांनी स्वतःच्या पैशाने स्वतःच्या बघण्यासाठी काही उभारायचे, ही जाणीव मुंबईत नवी होती, आणि ती रुजवण्याचे किचकट काम चिटणिसांच्या वाट्याला आले होते.

१८६२

१८६२ हे वर्ष भाऊ दाजींच्या आयुष्यात अगदी ठळकपणे उठून दिसते. वर्षाच्या आरंभी महाराज लायबल खटला चालला. वल्लभ संप्रदायाच्या काही महाराजांच्या वर्तनावर पत्रकार करसनदास मूळजी यांनी कोरडे ओढले होते. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. करसनदासांच्या बाजूने साक्षी देणाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी होते. महाराजांना कोणता गुप्तरोग होता हे त्यांनी डॉक्टर या नात्याने न्यायालयात सांगितले. रोग्याचे गुपित फोडावे का, असा प्रश्न आज आपण विचारू. त्या वेळी तो एका श्रीमंत आणि बलाढ्य संप्रदायाचा रोष ओढवून घेण्याचाही प्रश्न होता. भाऊ दाजींच्या रोग्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते, आणि गुजराती व्यापारी समाज त्यांत मोठा असणार हे उघड आहे. करसनदास खटला जिंकले.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबर रोजी भायखळ्याला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते संग्रहालयाची कोनशिला बसवली गेली. त्याच मुहूर्तावर शेजारची व्हिक्टोरिया बाग लोकांसाठी खुली झाली. कोटाच्या भिंतींबाहेर, उत्तरेला, तेव्हा मोकळ्या असलेल्या या भागात बाग आणि संग्रहालय एकत्र आणणे ही कल्पना मोठी व्यवहारी ठरली. बाग माणसाला बोलावते. आला की संग्रहालय त्याला आत घेते. पुस्तक वाचू न शकणारा माणूसही तेथे रिकाम्या हाताने परतत नाही. लिहिता-वाचता येणाऱ्यांचे प्रमाण अत्यल्प असलेल्या त्या काळात हे किती मोलाचे होते, याची कल्पना करून पाहा.

फुगा फुटला

इमारतीचे काम सुरू झाले तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसासाठी तोंड मागेल ती किंमत मोजली. हा पैसा मुंबईत आला आणि त्याला बुडण्याची घाई झाली. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर शेअरांचे भाव चढत. सावकार, वकील, डॉक्टर, कारकून सगळे या खेळात उतरले. त्यात भाऊ दाजीही होते.

१८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले. जुलैच्या पहिल्या तारखेला वायद्यांचे व्यवहार पुरे करायचे होते, आणि त्या दिवशी मुंबई कोसळली. ज्यांच्या नावाने दुकाने चालत ती माणसे दिवाळखोर ठरली. भाऊ दाजींनी वैद्यकीतून जमवलेली संपत्ती गेली. महिन्याच्या अखेरीस नाना शंकरशेट वारले. संग्रहालयाची वर्गणी देणारे हात रिकामे झाले, अर्धवट उभ्या भिंती तशाच राहिल्या, आणि अखेर सरकारने काम हाती घेऊन ते पुरे केले.

पुरावा तपासल्याशिवाय एक ओळही न लिहिणारा माणूस शेअरांच्या बाजारात मात्र इतरांसारखाच वाहवला, हे चरित्र लिहिणाऱ्याने झाकून ठेवू नये. अ. का. प्रियोळकरांसारख्या साक्षेपी चरित्रकाराने भाऊ दाजींचे जीवन मराठीत सविस्तर मांडले आहे. ते वाचताना तुम्हांला दिसेल की खऱ्या चरित्रात माणूस मोठा होतो तो त्याच्या चुकांसकट. पैसा गेल्यावर भाऊ दाजी घरात तोंड लपवून बसले नाहीत. दवाखाना चालू राहिला, शिलालेखांचे वाचन चालू राहिले. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले.

याच काळात कुष्ठरोगावरील औषधाने त्यांचे नाव दूरवर पोचले, आणि वादातही सापडले. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांचा धांडोळा घेत त्यांनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा उपयोग केला. रोगी आशेने येऊ लागले. औषधाची कृती त्यांनी लगेच उघड केली नाही, आणि याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. पुरता अनुभव येईपर्यंत बोलायचे नाही, हा संशोधकाचा संयम त्यात असू शकेल. संपत्ती गेल्यावर हाती उरलेले एकमेव धन जपण्याची वृत्तीही असू शकेल. मला यात एक विसंगती दिसते आणि ती मी तुमच्यापासून लपवत नाही. ज्या माणसाने न्यायालयात रोग्याचे गुपित लोकहितासाठी सांगितले आणि सर्वांना पाहता येईल असे संग्रहालय उभारायला वर्षे दिली, त्याच माणसाने एक ज्ञान मुठीत झाकून ठेवले. तुम्ही याचा वेगळा अर्थ लावलात तर तो जरूर लिहा. परीक्षकाला तुमचे कारण हवे असते.

दारे उघडतात

२ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. कोनशिलेपासून जवळजवळ साडेनऊ वर्षे गेली होती. बाहेरून युरोपीय अभिजात शैलीची इमारत. आत ओतीव लोखंडाचे उंच नक्षीदार खांब, चोहोबाजूंनी सज्जा, रंगीत फरशी. मधोमध राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांचा संगमरवरी पुतळा. तो डेव्हिड ससून यांची देणगी असून मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवला आहे. त्याच्या चौथऱ्यावर हिब्रू अक्षरेही कोरलेली आढळतात. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याने मुंबईत इंग्रज शिल्पकाराकडून जर्मन राजपुत्राचा पुतळा करवून घ्यावा, आणि तो पाहायला मालवणी, देशावरचे आणि गुजराती लोक यावेत, ही त्या काळची मुंबई.

भाऊ दाजींना या वास्तूचा सहवास फार काळ लाभला नाही. मे १८७४ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या आसपास, ते वारले. मित्रांनी स्मारकनिधी जमवला. त्यांच्या संग्रहातील संस्कृत हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीत आली आणि आजही त्यांच्या नावाने ओळखली जातात. त्यांचे इंग्रजी शोधनिबंध १८८८ मध्ये कलकत्त्याहून रामचंद्र घोष यांनी संकलित करून प्रसिद्ध केले. मुंबईच्या माणसाचे लेखन कलकत्त्यात छापले जावे, याचे थोडे वाईट वाटते.

नंतरची शंभर वर्षे आणि पुढे

संग्रहालयाचा कारभार पुढे नगरपालिकेकडे गेला. दरम्यान भायखळा, परळ, लालबाग या परिसरात कापडगिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि मोकळा माळ गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन राणीच्या बागेत येऊ लागला. शहरातील धनिकांनी उभारलेले संग्रहालय अशा रीतीने कष्टकऱ्यांचे झाले. कोणी तसे ठरवले नव्हते. ते जेथे होते तेथे हे लोक राहायला आले, एवढेच.

विसाव्या शतकाच्या आरंभी सर जे. जे. कला विद्यालयाचे प्रमुख सेसिल बर्न्स हे या संग्रहालयाचे अभिरक्षक होते. त्यांच्या आणि त्यांच्या नंतरच्या काळात मातीच्या मूर्ती, गावांचे व व्यवसायांचे छोटे देखावे, पगड्यांचे प्रकार, शहराच्या वाढीचे नमुने यांची भर पडली. आज सर्वांत जास्त गर्दी यांच्यापुढेच असते. कोळीण, भिस्ती, सोनार, कुंभार, गारुडी, साधू, शेटजी अशा या मूर्ती वीतभर उंचीच्या. पाहताना कौतुक वाटते. आणि थोडे पाहिल्यावर अस्वस्थही वाटते. येथे माणसाला नाव नाही. तो अमुक जातीचा, अमुक धंद्याचा नमुना आहे. राज्यकर्त्यांना प्रजा ओळखता यावी म्हणून तिचे प्रकार पाडून काचेआड ठेवण्याची ही दृष्टी आहे. पण त्या घडवणारी बोटे इथल्याच कारागिरांची होती. लुगड्याचा कासोटा कसा सोडायचा, मडक्यावर हात कसा ठेवायचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. भाऊंचे वडील मातीच्या बाहुल्या विकत ही आठवण आता बाहेर काढा. बाजारात विकली गेलेली बाहुली मोडून मातीत जाते. संग्रहालयातली शंभर वर्षे टिकते. कारागिराचे नाव दोन्हींवर नसते.

१९०५ मध्ये दक्षिण मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला बसली आणि १९२२ मध्ये ते खुले झाले. शहराचे, विद्वानांचे, दात्यांचे लक्ष तिकडे गेले. भायखळ्याचे जुने संग्रहालय मागे पडत गेले. स्वातंत्र्यानंतर चौकाचौकांतील इंग्रजांचे पुतळे हलवायचे ठरले, तेव्हा त्यांतील अनेक राणीच्या बागेत आणून ठेवण्यात आले. काळा घोडाही १९६५ मध्ये तेथेच आला. घारापुरीच्या दगडी हत्तीची कथा त्याहून जुनी. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो फुटला, तुकडे या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. ज्या बेटाला त्याने इंग्रजी नाव दिले, तेथून तो हलला. समुद्रापार मात्र गेला नाही. तो आज संग्रहालयाच्या दारी उभा आहे.

१ नोव्हेंबर १९७५ रोजी संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. नाव बदलल्याने छप्पर गळायचे थांबत नाही. वास्तूची आणि संग्रहाची दुरवस्था पुढेही चालू राहिली. २००३ मध्ये महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून जीर्णोद्धार हाती घेतला. एकावर एक चढलेले रंग खरवडून मूळचा रंग शोधला गेला, खांबांची सोनेरी झळाळी परत आली, मोडक्या वस्तू एकेक करून दुरुस्त झाल्या. २००५ मध्ये युनेस्कोने या कामाला आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार दिला, आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांच्यासारख्या आजच्या चित्रकार-शिल्पकारांनी जुन्या कपाटांच्या शेजारी आपली कामे मांडली. मराठीतून व्याख्याने आणि मुलांसाठी कार्यशाळाही होऊ लागल्या. १८५८ प्रमाणेच याही वेळी पालिका, खासगी दाते आणि जाणकार यांना एकत्र यावे लागले.

दारावर भाऊ दाजींचे नाव आहे. आत मध्यभागी अजूनही प्रिन्स अल्बर्टच उभा आहे. तो हलवावा असे काहींना वाटेल. तो तेथे आहे म्हणूनच ही वास्तू कशी उभी राहिली याचा हिशेब पुरा दिसतो, असे मला वाटते.

स्वाध्याय : तुम्ही मुंबईत असाल तर भायखळ्याला जा. इतरत्र असाल तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, औंधचे श्री भवानी संग्रहालय किंवा तुमच्या जवळचे कोणतेही संग्रहालय निवडा. तेथील एकाच वस्तूपुढे अर्धा तास उभे राहा. ती कोणी घडवली, कोणी वापरली, कोणी आणून ठेवली आणि तिच्याखालच्या पाटीवर यांपैकी कोणाचे नाव आहे, याची नोंद करा. त्या नोंदीच्या आधारे सुमारे ३०० शब्दांत लिहा. वस्तूजवळ काम करणाऱ्या रखवालदाराशी बोललात, तर त्याने सांगितलेलेही लिहा. पाटीवर नसलेली माहिती पुष्कळदा त्याच्यापाशी असते.